स्मार्ट दिव्यांच्या निविदेत खारी हवाही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यावरची दिवाबत्ती इंटरनेटला जोडण्याचे वारे आता किनाऱ्यावरच्या नगर परिषदांपर्यंत पोहोचले आहे. मात्र पठारावरच्या शहराची निविदा जशीच्या तशी उतरवून घेतली, तर दोन पावसाळ्यांत त्यातला ‘स्मार्ट’ भाग बंद पडेल आणि दिवे पुन्हा वायरमनच्या हातावर येतील.

मुळात प्रत्येक खांबावर नोड, म्हणजे एकेक दिवा इंटरनेटवरून मंद-बंद करणारे छोटे यंत्र, हवाच का? गल्लीतला २० वॅटचा दिवा रात्री ११ ते ५ निम्म्यावर आणला, तर वर्षाला जेमतेम २२ युनिट वाचतात. एक वॅट घेणारा नोड चोवीस तास चालू राहिला, तर त्यातले नऊ-एक युनिट तोच खातो. बाजारपेठ, जेटी, घाटरस्ता इथल्या ९० किंवा १२० वॅटच्या दिव्यांना नोड परवडतो. वाडीतल्या दिव्यांना फीडरवर, म्हणजे दिव्यांच्या अख्ख्या रांगेला वीज देणाऱ्या तारेवर, एक नियंत्रण पॅनेल पुरे. आणखी एक अडचण सहसा कागदावर येत नाही. नोडला दिवसाही वीज लागते, म्हणजे खांबांवरची फक्त दिव्यांसाठी असलेली पाचवी तार दिवसभर जिवंत राहणार. ती तार दिवसा बंद असते, हे वायरमनच्या अंगवळणी पडलेले आहे. नोड बसवण्याआधी त्यांना हे सांगितलेच पाहिजे, आणि त्या खांबांवर तशी पाटीही हवी.

पॅनेलमध्ये मीटर, कॉन्टॅक्टर (मोठा स्विच), एमसीबी, सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारा), मोडेम आणि अक्षांश-रेखांशावरून सूर्यास्त काढणारे घड्याळ असते. रत्नागिरीत डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य जूनअखेरीस सव्वासातला मावळतो, म्हणून साधा टायमर चालत नाही. ढगांनी लवकर अंधारते त्यासाठी उजेड ओळखणारा फोटोसेल जोडीला असावा, पण सगळी भिस्त त्याच्यावर नको. काचेवर मिठाचा थर आणि शेवाळ धरले की त्याला भरदुपारीही रात्रच दिसते. वेळापत्रक पॅनेलच्या स्वतःच्या मेमरीत हवे. निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांत विजेबरोबर मोबाइल मनोरेही बंद पडले होते. सर्व्हरच्या हुकमाची वाट पाहणारे पॅनेल अशा वेळी काय कामाचे? सिमचे रिचार्ज संपले तरी हीच गत. पॅनेलचा चौथरा २२ जुलै २०२१ च्या पुराच्या खुणेपेक्षा उंच हवा, हे चिपळूणकरांना वेगळे सांगायला नको.

खरी झीज दिव्याच्या पेटीत होते. पेटी तापते, अचानक सर येते, आतली हवा आकसते आणि गॅस्केटच्या फटीतून खारी दमट हवा आत ओढली जाते. आयपी ६६ चा (धूळ-पाणी आत शिरत नसल्याचा) शिक्का असूनही सर्किटवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो तो यामुळे. त्यावर उपाय म्हणजे हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट, सर्किटवर कोटिंग, ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू आणि खालच्या बाजूने घेतलेली केबल. शिवाय ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याची वायर नुसती पिळून जोडू नये, बायमेटल कनेक्टर लावावा.

नोडमधला रिले, म्हणजे दिवा चालू-बंद करणारा स्विच, हे दुसरे दुखणे. एलईडी ड्रायव्हर (दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा भाग) सुरू होताना क्षणभर प्रचंड प्रवाह ओढतो. स्वस्त रिलेचे टोक त्या ठिणगीने चिकटते, आणि मग पडद्यावर ‘बंद’ दिसणारा दिवा दिवसाढवळ्या जळत राहतो. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. व्होल्टेज शून्यावर असताना जोडणी करणारा रिले मागितला की ही तक्रार बरीच कमी होते. वादळवाऱ्यात न्यूट्रल (परतीची तार) सैल झाला, तर दिव्यांवर २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्ट येतात आणि रांगच्या रांग जाते. म्हणून ड्रायव्हर ४४० व्होल्ट सोसणारा हवा. अर्थिंगची मोजणी आगोटीच्या आधी, मे महिन्यातच घ्यावी. जांभा तेव्हा कोरडा ठणठणीत असतो. जुलैत ओल्या मातीमुळे कोणताही खड्डा चांगलेच आकडे दाखवतो.

वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर मात्र नोड लावायलाच हवेत. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, त्यामुळे पांढरा दिवा त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे नेतो. तिथे अंबर रंगाचे, समुद्राकडून झाकलेले दिवे घ्यावेत आणि विणीच्या हंगामात ते मंद ठेवण्याचे वेळापत्रक करारातच घालावे.

ठेकेदाराच्या दंडाची अटही ‘तक्रार आल्यापासून ४८ तास’ अशी नको. दिवा गेल्याची नोंद यंत्रणा स्वतःच करते. तास तिथूनच मोजावेत. ती नोंद, सिम आणि सर्व्हरचे पासवर्ड पहिल्या दिवसापासून नगर परिषदेच्या ताब्यात असावेत. नाहीतर ठेकेदार बदलला की नव्याला सगळे नोड काढून पुन्हा बसवावे लागतात.

कळावे,
आपला,
एक विद्युत पर्यवेक्षक, रत्नागिरी