चवथीला यंदा माझी वाट पाहू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर आई आधी रडते आणि सांगायचं ते राहूनच जातं, म्हणून लिहिते आहे. पणजीच्या नोकरीचा अर्ज मी भरला नाही. बाबा, तुम्ही पाठवलेलं कात्रण जपून ठेवलंय. पण इथला, उत्तराखंडातल्या रेल्वे बोगद्याच्या कामाचा, करार वाढवून घेतला, सहीही झाली.

एप्रिल 2025 मध्ये ‘शक्ती’ हे बोगदा खोदणारं मशीन जनासूला डोंगर फोडून बाहेर आलं, तेव्हा बाबांना वाटलं, संपलं एकदाचं. देवप्रयाग ते जनासू साडेचौदा किलोमीटर. पण खोदलं म्हणजे बोगदा झाला असं नसतं. आतलं काँक्रीट, पाण्याचा निचरा, रूळ, हवा खेळवायची सोय, हे सगळं पुढचं. ऋषिकेश-कर्णप्रयाग लाईन 125 किलोमीटरची, त्यातली शंभराहून जास्त डोंगराच्या पोटातून. असं काम अर्धवट टाकून यायचं म्हणजे जिवावर येतं. पगाराचं म्हणाल तर तोही बरा आहे, पण खरं कारण ते नाही.

आई, तुझ्या डोक्यात सिल्क्यारा आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये 41 माणसं 17 दिवस अडकली, तेव्हा तू टीव्हीसमोरून उठत नव्हतीस. तो रस्त्याचा बोगदा, आणि त्यांना बाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती. इथे शेजारीशेजारी दोन बोगदे आणि मधून आडवे जोडमार्ग. एकीकडे काही झालं तर दुसरीकडून बाहेर. आणि मी सुरुंगाच्या कामावर नाही. भिंतीत ठोकलेल्या खुणांवर दुर्बीण लावायची, कालपेक्षा किती मिलिमीटर सरकल्या ते लिहायचं. इथला फिलाइट दगड चिरोट्यासारखा, पदर सुटणारा. पण पडायच्या आधी बहुतेक वेळा तो हलतो, आणि ते आकड्यांत दिसतं. कोकण रेल्वेच्या पेडण्याच्या बोगद्यातली शेडी माती बाबांना ठाऊक आहे. 2024 च्या जुलैत चिखल-पाणी शिरून गाड्या थांबल्या, तेव्हा ‘माती ऐकत नाही’ असं तेच म्हणाले होते ना? ऐकत नाही म्हणूनच रोज मोजायची.

खाण्यापिण्याची काळजी नको. मेसचा स्वयंपाकी गढवाली आहे, गहतची, म्हणजे कुळथाची, डाळ छान करतो. उकड्या तांदळाची पेज मात्र मीच करते, रविवारी. तू दिलेलं कोकमाचं आगळ अजून आहे. मासे नाहीत, ते सोसते. रात्री दोन रजया असतात, आंघोळीला गरम पाणी मिळतं, पायमोजे घालते, अगदी तू ओरडायचीस तसे. ताप आला की तू कपाळावर हात ठेवून नुसती बसायचीस, ते मात्र इथे कुणी करत नाही.

आता ऐका. बाबांनी गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीसाठी शिडीवर चढायचं नाही. काकांच्या मुलाला सांगून ठेवलंय, तोच बांधणार, तुम्ही खालून सूचना द्या, हव्या तेवढ्या. विहिरीकडच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, चुना टाकून घासून घ्या. रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच, ‘दुपारी घेईन’ चालणार नाही. आईची साखर महिन्याला तपासायची आणि चिठ्ठीचा फोटो मला पाठवायचा. नेवऱ्या तळ, पण चाखायला एकच घे. माझ्या वाटणीच्या डब्यात भरून पार्सल कर, म्हणजे तुझ्या हाताशी राहणार नाहीत.

शिगम्याला रजा मागितली आहे. मिळेल असं साहेब म्हणाले.

तुमची
बाय

ता. क. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख ठरवली का? पुढच्या फोनला पहिलं तेच विचारणार आहे.