शेंडेनक्षत्राच्या माथी रोगराई कशाला?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत धूमकेतू, म्हणजे शेंडेनक्षत्र, आणि साथीचे रोग यांचा संबंध सांगणारा अर्धे पानभर मजकूर आला. त्यात लंडनचा प्लेग होता, युरोपातला 'काळा मृत्यू', म्हणजे चौदाव्या शतकातली प्लेगची साथ, होता, नॉस्ट्राडेमस आणि बाबा वांगा हे भविष्य सांगणारे होते. शेवटी, थ्री-आय अ‍ॅटलास हा धूमकेतू येऊन गेल्याने नव्या महामारीची भीती 'जाणकार' व्यक्त करत आहेत, असेही होते. हे जाणकार कोण, ते कुठेच नव्हते. त्या कात्रणाचा फोटो आमच्या पेठेतल्या सगळ्या ग्रुपवर फिरतो आहे. मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली, त्यामुळे बायका मलाच रस्त्यात थांबवून विचारतात, "मॅडम, परत लॉकडाऊन लागणार का हो?" जिथून ही भीती पसरली तिथेच तिचे उत्तर छापून यावे, म्हणून हे पत्र.

आधी त्या अ‍ॅटलासचे सांगते. तो १ जुलै २०२५ रोजी सापडला. आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला, माणसाला माहीत झालेला हा तिसराच पाहुणा. १९ डिसेंबर २०२५ रोजी तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, तेव्हाही अंतर होते सुमारे २७ कोटी किलोमीटर. म्हणजे सूर्य आपल्यापासून जितका लांब आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. नुसत्या डोळ्यांना तो दिसलाही नाही.

लंडनचे उदाहरण वरवर बिनतोड वाटते. १६६४ च्या अखेरीस मोठे शेंडेनक्षत्र दिसले, १६६५ च्या वसंतात दुसरे दिसले, त्याच साली प्लेगने लंडनमध्ये सुमारे एक लाख माणसे गेली आणि १६६६ मध्ये शहराला आग लागली. पण तोच रोग १६६३ पासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये माणसे मारत होता आणि त्या धास्तीने लंडनमध्ये हॉलंडहून येणारी जहाजे अडवून ठेवली जात होती, हे आपल्या लेखकाने लिहिले नाही. रोग आधी, धूमकेतू नंतर. शिवाय तो धूमकेतू काही लंडनवर टांगलेला नव्हता, प्लेग नसलेल्या गावांनीही तो पाहिला. लंडनच्या कारभाऱ्यांनी त्या साली कुत्री आणि मांजरे मारण्याचा हुकूम काढला. उंदरांवर जो काही धाक होता तोही गेला.

काळ्या मृत्यूचेही तसेच. १३४८ मध्ये फ्रान्सच्या राजाने पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक शाखेला कारण विचारले तेव्हा तिथल्या पंडितांनी १३४५ च्या मार्चमध्ये कुंभ राशीत झालेल्या शनी, गुरू आणि मंगळाच्या युतीकडे बोट दाखवले. त्या काळी त्यांच्याजवळ दुसरे साधन नव्हते. आज आहे. बेलफास्टचे माइक बेली हे झाडांच्या वलयांचे अभ्यासक. त्यांनी २००६ मध्ये काळ्या मृत्यूमागे धूमकेतूचे तुकडे असावेत असे मांडले. आपल्या पुरवणीतला बराच मजकूर त्याच धर्तीचा आहे. पण २०११ मध्ये लंडनच्या त्या काळातल्या कबरींतल्या सांगाड्यांच्या दातांतून प्लेगच्या जिवाणूचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच मिळाला. २०२२ मध्ये किर्गिझस्तानात, इसिक-कुल सरोवराजवळच्या १३३८-३९ सालच्या कबरींतही तोच जिवाणू सापडला. तिथल्या शिलालेखांवर मृत्यूचे कारणही साथ असेच कोरलेले आहे. युरोपात प्लेग पोहोचला १३४७ मध्ये. माणसाच्या दातात रोगाचा पुरावा सापडल्यावर तो आभाळात शोधत बसायचे कारण उरत नाही.

आपल्याकडचे उदाहरण लेखकाने घेतले नाही, ते मी देते. छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० चे. सभासदाच्या बखरीत त्या प्रसंगी धूमकेतू उगवल्याचे लिहिले आहे. १६८० सालचा जगभर नोंदला गेलेला प्रचंड धूमकेतू मात्र प्रथम दिसला नोव्हेंबरमध्ये, म्हणजे महाराज गेल्यानंतर सात महिन्यांनी. बखर त्यानंतर काही वर्षांनी, जिंजीला लिहिली गेली. एवढा राजा गेला आणि त्याच वर्षी असा तारा उगवला, हे दोन्ही आठवणीत एकत्र येणे मी समजू शकते. मला त्या माणसांच्या दुःखाबद्दल आदरच वाटतो. पण तारीख तारीखच राहते.

आता उलट बाजूने मोजू या. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी गाठीचा प्लेग ओळखला. पुढच्या दोन-तीन दशकांत देशात एक कोटीहून अधिक माणसे त्याने नेली. सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी पुण्यात त्यातच गेल्या. त्या साली आपल्या आकाशात कुठले शेंडेनक्षत्र झळकत होते? नुसत्या डोळ्यांनी दिसेल असे मोठे एकही नव्हते. गोदीत उंदीर मरून पडले होते. मुंबईहून रेल्वेने धान्य, कापूस आणि माणसे गावोगाव जात होती, आपले सोलापूर त्याच मार्गावरचे गिरण्यांचे गाव. १९१८ च्या इन्फ्लुएंझानेही देशात एक कोटीहून जास्त माणसे मारली, तीही बहुतेक काही महिन्यांत. तेव्हाही मोठा धूमकेतू नव्हता. तो आठ वर्षे आधी, १९१० मध्ये, येऊन गेला होता: हॅले. त्याच्या शेपटीत विषारी सायनोजन वायू आहे हे कळल्यावर युरोप-अमेरिकेत लोकांनी घराच्या फटी बुजवल्या आणि धूमकेतूवरच्या गोळ्या विकत घेतल्या. मे महिन्यात पृथ्वी त्या शेपटीजवळून गेली आणि काहीही झाले नाही, कारण ती शेपटी आपल्या हवेच्या मानाने जवळजवळ पोकळीच असते. त्याच १९१० च्या ऑक्टोबरमध्ये सोलापुरात द्वारकानाथ कोटणीस जन्मले. पुढे चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करताना वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. कोणते वर्ष कशासाठी लक्षात ठेवायचे, हे आपल्या शहराला तरी सांगावे लागू नये.

कोविडच्या वेळी निओवाइज धूमकेतू दिसला होता, असेही त्या लेखात आहे. खरे आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली ११ मार्च २०२० रोजी, आणि निओवाइज सापडला २७ मार्चला. जुलैमध्ये तो आकाशात ठळक होता तेव्हा आम्ही ऑक्सिमीटर घेऊन गल्लीबोळांतून फिरत होतो.

युरोपात १३४७ पासून अठराव्या शतकापर्यंत प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा धूमकेतूही दर काही वर्षांनी येतच असतो. मग कुठल्याही धूमकेतूच्या आगेमागे एखादी साथ सापडणारच. जी जोडी जुळते ती लिहिली जाते, न जुळलेल्या जोड्या कुणी लिहून ठेवत नाही. १९९७ चा हेल-बॉप कित्येक महिने नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, त्याच्यामागून कोणती महामारी आली? मात्र त्या धूमकेतूमागे यान येत आहे, या समजुतीने कॅलिफोर्नियात एका पंथाच्या ३९ जणांनी जीव दिला. अशा मजकुराचा परिणाम केवळ करमणुकीपुरता राहतो, असे कुणी म्हटले तर मला ते आठवते.

१९९४ बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ते आपल्या भागातले आहे आणि पुरवणीत त्याचा शब्दही नाही. त्या जुलैमध्ये शूमेकर-लेव्ही या धूमकेतूचे तुकडे गुरू ग्रहावर आदळले. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत घबराट उडून लाखो लोक शहर सोडून पळाले. धूमकेतूला दोष द्यायचा तर इतका चपखल क्रम इतिहासात क्वचितच मिळेल. पण तपास करणाऱ्यांनी मातीकडे पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सोलापुरातही त्या धक्क्याने माणसे घराबाहेर पळाली होती. त्या भीतीने मराठवाड्यातले कित्येक लोक पक्की घरे सोडून झोपड्यांत राहू लागले, धान्य मात्र मागे रिकाम्या घरांतच राहिले. उंदरांना धान्यही मिळाले आणि निर्धास्त जागाही. उंदीर वाढले, पिसवा वाढल्या आणि रानातल्या उंदरांपुरता असलेला जिवाणू वस्तीत आला, असे त्यांनी मांडले. सुरतेत कचरा, तुंबलेली गटारे आणि पुराचे पाणी होते. १९९५ मध्ये एस. आर. राव तिथे महापालिका आयुक्त म्हणून आले आणि देशातल्या घाणेरड्या शहरांत गणले जाणारे सुरत थोड्याच काळात स्वच्छ शहरांत मोजले जाऊ लागले. गुरूवर काय आदळले याचा विचार करत बसून ते झाले नसते.

रोग आकाशातून येतात असे म्हणणारा एक मोठा शास्त्रज्ञही होता, हे मी लपवत नाही. फ्रेड हॉइल आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांनी फ्लूचे विषाणू धूमकेतूंच्या धुळीतून येतात असे मांडले होते. कोविडच्या वेळीही विक्रमसिंघे यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये चीनवर दिसलेल्या उल्केकडे बोट दाखवले. पण फ्लूचे विषाणू पक्षी आणि डुकरांतल्या विषाणूंचे नातलग आहेत, कोविडचा वटवाघळांतल्या विषाणूंचा. जो विषाणू आपल्या पेशीचे कुलूप इतके बरोबर उघडतो, तो इथल्याच प्राण्यांत वाढलेला असतो. हॉइल यांचे शिष्य म्हणजे आपले जयंत नारळीकर. त्यांनी गुरूची कल्पना नुसती मानली नाही आणि नुसती झिडकारलीही नाही. इस्रोच्या मदतीने हैदराबादहून फुगे सोडून, ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा आणून तपासण्याच्या प्रयोगांत ते होते. २००५ च्या उड्डाणात जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉइल यांचे नाव दिले, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे. तरीही हे जीव अंतराळातूनच आले असे सिद्ध होत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याच नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतरांसोबत महाराष्ट्रातल्या ज्योतिषांपुढे हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ठेवल्या होत्या. २७ जणांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली, नाणे उडवले असते तरी एवढी येतात. भविष्याबद्दल छापायचेच असेल तर हे छापण्यासारखे आहे. नॉस्ट्राडेमसच्या नावावर घटना घडून गेल्यावर रचलेल्या ओळी फिरतात, आणि बाबा वांगा यांनी तर स्वतः लिहून काही मागे ठेवलेच नाही.

आपल्या परंपरेचा अपमान होतो, असेही कुणी म्हणेल. वराहमिहिराने बृहत्संहितेत धूमकेतूंची शुभाशुभ फळे सांगितली आहेत, पण त्यांचा उदयास्त गणिताने कळत नाही असे प्रांजळपणे म्हणूनच. ग्रहणाच्या बाबतीत मात्र, जिथे गणित चालत होते तिथे, त्याने राहूच्या तोंडाची गोष्ट बाजूला ठेवून पृथ्वीची सावली हेच कारण दिले. पुढे हॅलेने धूमकेतूचेही गणित मांडले. तो १७४२ मध्ये वारला आणि त्याने सांगितलेला धूमकेतू १७५८ च्या नाताळात दिसला. दाते पंचांग आपल्या सोलापुरातून घरोघरी जाते, त्यात वर्षभर आधी ग्रहणाच्या वेळा मिनिटांसह मिळतात. या शहरातल्या वाचकाला आकाशाचे गणित परके नाही.

एवढ्या कळकळीने लिहिते, त्याचे कारण माझ्या कामातले आहे. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. घराघरात बॅरल, टाक्या, रांजण भरलेले असतात. डेंगीचा डास तिथेच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडू लागतो. बॅटरी मारून पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या, की बाई लगेच बॅरल उलटे करते. पण "ताप यायचा तो येणारच, साल वाईट आहे" असे एकदा मनात बसले, की ती आम्हाला दारातूनच परत पाठवते. अळ्या मारणारे अ‍ॅबेट औषध पाण्यात टाकू देत नाही, आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायचा कोरडा दिवस पाळत नाही. मग आजारी पडते तिचे लेकरू.

आपणास दोन विनंत्या आहेत. वरच्या तारखा पुढच्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापाव्यात. आणि यापुढे धूमकेतूची बातमी देताना तो कोणत्या दिशेला, किती वाजता, दुर्बिणीतून की नुसत्या डोळ्यांनी दिसेल ते द्यावे, म्हणजे मुलांना गच्चीवर नेता येईल. त्या मजकुराने अडवलेल्या अर्ध्या पानात पावसाळ्यात दर आठवड्याला कोणत्या पेठेत पाणी कधी येणार, फवारणी कुठे होणार आणि डेंगीची तपासणी कुठल्या दवाखान्यात मोफत होते, एवढे दिले तरी चालेल. माहिती गोळा करायला माणूस हवे असेल तर मी यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
भवानी पेठ, सोलापूर