अण्णांच्या गाडीबद्दल

नाशिक, १६ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

फोनवर तू लगेच "अण्णांना दे" म्हणाला असतास, म्हणून पत्र. तुझ्या वडिलांनी आता गाडी चालवत राहावं का, हे मला एकट्याला ठरवता येत नाही.

परवा गुरुवारी अण्णांबरोबर बँकेत गेलो होतो. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनसाठी हयातीचा दाखला. मी मुद्दामच शेजारी बसलो, कारण आठवड्यापूर्वी तुमच्या सोसायटीचा वॉचमन म्हणाला होता, "साहेब, अण्णांची गाडी दिसली की मी पोरांना आत घेतो." तेव्हापासून झोप नीट लागली नाही.

जेहान सर्कलला डावीकडून आलेली स्कूटी त्यांना दिसलीच नाही. मी ओरडलो, तर ते माझ्यावरच चिडले. अशोक स्तंभापाशी, जिथून त्यांनी जन्मभर ऑफिसला ये-जा केली, तिथे मला विचारतात, "आता उजवीकडेच ना रे?" घरी आल्यावर पार्किंगमध्ये ब्रेकऐवजी पाय भलतीकडे पडला आणि खालच्या काकूंची तुळशीची कुंडी गेली. वॅगन आरच्या डाव्या अंगाला ओरखडेच ओरखडे. ते सगळ्यांच्याच गाडीला असतात म्हणशील, पण दिवाळीपूर्वी नव्हते. एखादी चूक मीही करतो. इथे एकाच फेरीत तीन झाल्या.

७८ वर्षं हा काही गुन्हा नाही. आमच्या गल्लीतला पंचविशीचा पोरगा मोबाइल बघत बुलेट चालवतो, त्याच्यापेक्षा अण्णा परवडले. मला भीती वेगळीच आहे. मोतीबिंदूची ऑपरेशनं दोन्ही डोळ्यांची झालीत, समोरची अक्षरं ते खडाखड वाचतात. पण काचबिंदूत कडेची नजर गुपचूप आत सरकत जाते आणि माणसाला स्वतःला पत्ताही लागत नाही. ते तक्ता वाचून कळत नाही, नजरेच्या क्षेत्राची वेगळी तपासणी लागते. शिवाय त्यांची मधुमेहाची गोळी. सकाळी उपाशीपोटी निघाले आणि साखर उतरली, तर रस्ता आठवायचा नाही, हे त्यातूनही होऊ शकतं. म्हणजे यातलं काहीतरी सुधारण्यासारखं असेलही.

लायसन्सवर विसंबू नकोस. पंचावन्ननंतर ते पाच-पाच वर्षांनी वाढवतात आणि डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए लागतो, हे खरं. पण गेल्या वर्षी तो फॉर्म एजंटनेच सहीशिक्क्यासकट आणून दिला. अण्णांनी डॉक्टरचं तोंडही पाहिलं नाही. जिवंत आहे हे मात्र दरवर्षी सिद्ध करायचं!

तुमच्या कॅलिफोर्नियात डीएमव्हीचा, म्हणजे तिकडच्या आरटीओचा, डीएस ६९९ फॉर्म भरून घरचे लोक कळवू शकतात, आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही करता येते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १६ आहे. आजारामुळे माणूस गाडी चालवायला योग्य नाही असं मानायला कारण असेल, तर परवाना देणारा अधिकारी केव्हाही वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो, परवाना रद्दही करू शकतो. पेठ रोडच्या आरटीओत द्यायचा अर्ज मी साध्या कागदावर लिहून ठेवलाय. खाली सही माझीच. ड्रॉवरमध्ये आहे.

रागावलास? आठव, १९८८ सालीच, आपण एकोणीस वर्षांचे. अण्णांच्याच फियाटवर गाडी शिकलो आणि मी होळकर पुलावर त्या टांग्याला घासली. अण्णा त्याच संध्याकाळी आमच्या घरी आले, चहासुद्धा न घेता दादांना सगळं सांगितलं आणि मला म्हणाले, महिनाभर गाडीला हात लावायचा नाही. तेव्हा मी त्यांना चुगलखोर म्हटलं होतं, तुझ्यासमोरच.

बॅटरीची वायर काढून ठेव असं तू मागे गमतीत म्हणाला होतास, ते मी करणार नाही. मेकॅनिक पाच मिनिटांत ती जोडेल आणि अण्णांचा माझ्यावरचा विश्वास जाईल तो जाईलच. तुझ्या आईच्या गुडघ्यांच्या व्यायामाला आठवड्यातून तीनदा जावं लागतं, म्हणून चावी सुटत नाही. त्यासाठी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याशी मी महिन्याचं ठरवतोय. "ने रे मला" असं कुणाला म्हणायची वेळ त्यांच्यावर येता कामा नये.

डिसेंबरात ये. आल्या आल्या उपदेश नको, स्टिअरिंगही मागू नकोस. फक्त शेजारी बसून गंगापूर रोडने एक चक्कर मार. मग आपण तिघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. अर्जाचं काय करायचं ते त्यानंतर, आणि द्यायचा झालाच तर अण्णांना आधी सांगून.

तिकीट काढलंस की कळव. तोवर दर गुरुवारी मी त्यांच्या शेजारी बसतोच आहे, हात हँडब्रेकपाशी ठेवून.

तुझा,
अविनाश