बँकॉकच्या त्या ताईंचे आणि आमच्या वाडीतल्या दादाचे आभार

गेल्या जूनमध्ये बँकॉकला आईची पर्स टॅक्सीत राहिली. आत पासपोर्ट. परतीचं विमान तीन दिवसांवर, आणि आईला रडू आवरेना.

हॉटेलच्या काउंटरवरच्या ताईंनी आधी तिला पाणी दिलं, मग स्वतःच ११५५ वर टुरिस्ट पोलिसांना फोन लावला. ड्यूटी संपल्यावर आमच्याबरोबर पोलीस स्टेशनात आल्या, थाई भाषेत सगळं समजावून तक्रारीचा कागद मिळवून दिला.

आपल्या दूतावासात द्यायला जुन्या पासपोर्टची झेरॉक्स हवी होती. ती देवगडला, घरच्या कपाटात! इकडे धो धो पाऊस, वाडीत लाईट नाही, रेंज नाही. नशिबाने शेजारच्या दादाचा लँडलाईन चालू होता. त्याने झेरॉक्स शोधली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेनकोटच्या आत धरली आणि भर पावसात रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढून फोटो पाठवला. कागदाच्या कोपऱ्यावर पावसाचा थेंब आणि त्याचा ओला अंगठा दिसतो. तो फोटो मी जपून ठेवलाय.

इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं. ते फक्त मायदेशी परतण्यापुरतं असतं, पासपोर्ट इथे आल्यावर नव्याने काढला. इमिग्रेशनच्या रांगेत एका मराठी काकांनी आमचा अर्ज भरून दिला. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, याची फार हळहळ वाटते.

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. गणपतीत आईने गाऱ्हाणं घातलं, तेव्हा दादाचं नाव घेतलं आणि पुढे म्हणाली, “हॉटेलातल्या त्या पोरीला आणि रांगेतल्या त्या भल्या माणसाला सुखी ठेव रे म्हाराजा.”