किल्ला आणायचा की करायचा?

महोदय,

दिवाळी जवळ आली की बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले दिसू लागतात. बुरूज नेटके, रंग चकाचक. आणून ठेवला की झालं. आम्ही सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून थेट माती आणायला पळायचो. दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, चिखल थापायचा. रात्रीतून बुरूज ढासळायचा, की सकाळी पुन्हा कालवाकालव! अळीव उगवले का, हे तर दिवसातून दहादा बघायचो. पूर्ण झालेला किल्ला कसा दिसायचा, ते आज आठवतही नाही (बहुधा वाकडाच). किल्ले स्पर्धांच्या परीक्षकांना एक विनंती: एखादी फेरी माती कालवताना मारा आणि मुलांची नखंही बघा.

— एक वाचक, सातारा