आमच्या पोराची बाजू उभी करणाऱ्या वकील मॅडमना

मॅडम,

सविनय जयभीम.

भाचा सुटून घरी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी बहीण संत्राबर्फीचा डबा घेऊन तुमच्या कार्यालयात आली होती. तुम्ही तिला बसवलंत, पाणी दिलंत आणि डबा परत केलात. "मला मानधन सरकार देते, पक्षकाराकडून काही घ्यायचं नसते," एवढं बोलून पुढची फाइल उघडली. बर्फी आम्हीच खाल्ली. आभार मात्र राहिले, ते आता चार लोकांच्या देखत मानतो. खटला उभा आहे, म्हणून भाच्याचं, गाळ्याचं, ठाण्याचं नाव लिहीत नाही. तुमचंही नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. भाचा कळमना बाजारात एका धान्याच्या गाळ्यावर कामाला होता. गल्ल्यातली रक्कम गेली, संशय नोकरावर आला आणि संध्याकाळी पोलिस त्याला घेऊन गेले. घरी फोन कोणाचाच नाही, एका हमालाने येऊन सांगितलं. रात्री ठाण्यात गेलो तर "साहेब नाहीत, सकाळी या". सकाळी एका खाजगी वकिलांनी फी सांगितली, ती ऐकून बहीण पाटल्या मोडायला निघाली. सिव्हिल लाइन्सला कोर्टाच्या आवारात एका टायपिस्टने आमचे चेहरे पाहून विचारलं, "लोकअभिरक्षकांकडे काहून नाही जात?"

आमच्या वस्तीत आजही अर्ध्या लोकांना हे कार्यालय म्हणजे सरकारी वकिलाचं वाटते. शेजारी म्हणाले, "सरकारचा माणूस सरकारच्याच बाजूने बोलन ना बापा!" सरकारी वकील आरोपीच्या विरुद्ध उभा राहतो. तुम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत आरोपीची बाजू मांडता आणि खाजगी केस घेतच नाही. आणि माणूस कोठडीत असला की त्याचं उत्पन्न किती हेसुद्धा विचारत नाहीत, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तसं आहे. बाईमाणसालाही उत्पन्नाची अट नाही. हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तुम्ही आम्हाला "त्याने पैसे घेतले का?" असं विचारलंच नाही. तुमचा पहिला प्रश्न होता, "किती वाजता नेलं?" मी म्हटलं, रात्री आठच्या सुमारास. "कोणी पाहिलं? रस्त्यावर कॅमेरा आहे का?" तेव्हा मला वाटलं, पोरगा आत आहे आणि मॅडम घड्याळ काय विचारून राहिल्या. मग तुम्ही अटकेचा कागद समोर ठेवला. त्यावर वेळ होती दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची. मधली सगळी रात्र कागदावर नव्हतीच. अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं असते. घड्याळच उशिरा सुरू केलं तर त्या चोवीस तासांना काय अर्थ उरतो, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. मी पळत जाऊन बाजारातल्या चहावाल्याकडून त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मोबाइलवर आणलं.

पेशीच्या आधी कोर्टाच्या व्हरांड्यात तुम्ही भाच्याशी बोललात. शिपाई बाजूलाच उभा होता. त्याला तुम्ही म्हणालात, "भाऊ, जरा तिकडे व्हा." तो झाला. तुम्ही पोराला सांगितलंत : साहेब विचारतील, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. मारलं असेल तर सांग, नसेल मारलं तर खोटं सांगू नको. कोऱ्या कागदावर सही केली का? पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीवर कोर्ट शिक्षा देत नाही, म्हणून घाबरून काही बोलला असशील तर तेही सांग. स्वतःविरुद्ध बोलायची जबरदस्ती कोणी करू शकत नाही. पोट्टा एकोणीस वर्षांचा, रात्रभर जागा. त्याला निम्मं कळलं असेल. पण मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारल्यावर तो बोलला, "मारलं नाही साहेब, पण काल रात्रीच आणलं." साहेबांनी ते लिहून घेतलं, तपास अधिकाऱ्याकडून खुलासा मागवला. पाच दिवसांचा पीसीआर म्हणजे पोलिस कोठडी मागितली होती, एक दिवसाची मिळाली. त्यानंतर एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली आणि त्याला वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात पाठवलं.

ठाण्याने एक काम मात्र बरोबर केलं होतं. अटकेची कारणं मराठीत, लेखी दिली होती, नुसती कलमांची संख्या नव्हती. तेही तुम्हीच दाखवलंत, रागात असलेल्या माणसाला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात सांगितलं आहे की आरोपीला समजेल त्या भाषेत ही कारणं लेखी द्यायची, आणि रिमांडसाठी उभं करायच्या किमान दोन तास आधी.

जामिनाच्या अर्जात तुम्ही मांडलेला मुद्दा मला सगळ्यात पटला. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षं. अशा गुन्ह्यात उचलून आत टाकायची घाई नको, आधी हजर राहायची नोटीस द्यावी, आणि अटक केलीच तर का केली ते लिहावं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेशकुमार प्रकरणापासून म्हणजे २०१४ पासून ठरलेलं आहे. पोरगा कुठे पळणार होता? सरकार पक्षाचा से म्हणजे लेखी म्हणणं आलं, युक्तिवाद झाला, जामीन मंजूर झाला. आम्ही पेढे आणायला निघालो होतो, तुम्ही थांबवलंत. "अजून जामीनदार उभा राहायचा आहे."

खरा घोळ तिथे झाला. माझं दुकान भाड्याचं, बहिणीचं घर झोपडपट्टीतलं, पट्टा नाही. ऐपतीचा दाखला मिळणार कुठून? पोराच्या काकाची तीन एकर जमीन आहे, पण ती पांढुर्ण्याला, म्हणजे मध्य प्रदेशात. काका खसऱ्याची, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्याची, नक्कल घेऊन पहाटेच्या गाडीने आला आणि बाबूने ती परत केली : "बाहेरच्या राज्यातला जामीनदार चालत नाही, सातबारा आणा." काका कॅन्टीनच्या बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला, चहासुद्धा घेतला नाही. तुम्ही जेवण टाकून अर्ज लिहिलात. त्यात मोतीराम नावाच्या गवंड्याची केस होती, १९७८ ची, तीही मध्य प्रदेशातलीच. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला जामीनदार घेतलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते चुकीचं ठरवून त्याला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. आमच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि काकाची सही घेतली. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं जुना निकाल, आणि अजून बाबूच्या टेबलापर्यंत पोचलेला नाही. त्या दिवशी तुम्ही नसता तर मंजूर झालेला जामीन खिशात ठेवून पोरगा आतच बसला असता. असे किती असतील?

बाबासाहेबांचा फोटो आमच्या घरात माझ्या आजोबांपासून आहे. दीक्षाभूमीला दरवर्षी जातो. पण अटकेची कारणं, वकील आणि चोवीस तास सांगणारं कलम २२ त्यांनी सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत मसुद्यातलं कलम १५ अ म्हणून मांडलं होतं, हे मला तुमच्या कार्यालयातल्या बाकावर बसून कळलं. तुमच्या ज्युनिअरने सांगितलं, तारखेची वाट पाहता पाहता. त्या पोरीलाही माझा जयभीम सांगा.

भाच्याला गाळ्यावर परत घेतलं नाही. तो आता माझ्या दुकानात मोटार वाइंडिंग शिकतो, हात बरा आहे. दोषारोपपत्राची नक्कल मिळाली आहे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पानांवर आकडे टाकून ठेवली आहे.

दुकानाच्या काचेवर मी १५१०० हा विधी सेवेचा नंबर मोठ्या अक्षरात लावला आहे. परवा टेका भागातला एक रिक्षावाला तो वाचून आत आला, त्याच्या जावयाला नेलं आहे म्हणून. सोमवारी त्याला तुमच्याकडे पाठवतो. किती वाजता नेलं आणि कोणी पाहिलं, ते त्याच्याकडून लिहून घेतलं आहे.

आपला,
मामा (मोटार वाइंडिंगवाले), इंदोरा, नागपूर