विषय : ब्रश कटरचं पातं न थांबल्यामुळे कामगाराला झालेली दुखापत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

बेळगाव-खानापूर भागात गवत काढायची, बागा राखायची लहान कंत्राटं घेऊन मी घर चालवतो. मे महिन्यात तुमचा पेट्रोलवरचा ब्रश कटर (गवत कापायची खांद्याला अडकवायची मशीन) घेतला. बिल आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स जोडली आहे.

ट्रिगर सोडला तरी पातं फिरतच राहतं, हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. तुमच्या सर्व्हिस सेंटरने स्क्रू पिळून आयडलिंग (ट्रिगर सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) कमी केलं आणि सांगितलं, "नवी मशीन आहे, दोन टाक्या जाऊ देत." दहा गेल्या. त्या शब्दावर मशीन कामाला लावली, ही माझी चूक.

जुलैत उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या आवारात कमरेएवढं गवत काढताना आमच्याकडे कामाला असलेल्या पोराने घाम पुसायला ट्रिगर सोडला. मशीन पट्ट्याला लोंबत होती. चिखलात पाय सरकला आणि पातं गमबूट फाडून नडगीत गेलं. ११ टाके पडले. तो बूट मी टाकलेला नाही, हवा तर पाठवतो.

तुमच्याकडून फोन आला, तो "ट्रेनिंग दिलं होतं का?" विचारायला. पोरगा चार वर्षं हेच करतो. हेल्मेट, जाळी, हातमोजे सगळं अंगावर होतं. आमच्यात एक मराठी वाचतो, एक कन्नड. तुमची पुस्तिका नुसती इंग्रजीत.

नंतर सेंटरमध्ये माझ्यासमोर क्लच उघडला. इंजिनाचा वेग वाढला की क्लचचे शू बाहेर फाकून ड्रम धरतात आणि पातं फिरतं, वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत ओढते आणि पातं सुटतं. ती स्प्रिंगच तुटलेली होती. मेकॅनिकने तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि जॉबकार्डवर लिहिलं, 'जनरल सर्व्हिस'!

दवाखान्याचा खर्च मी केलाय. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने तो मालक म्हणून माझ्याकडेच येतो, त्याबद्दल कुरकूर नाही. पण तो तुमच्या मशीनपायी झाला, तेव्हा तेवढी रक्कम मला भरून द्या, मशीन बदलून द्या आणि जॉबकार्डवर 'क्लच स्प्रिंग तुटलेली' असं लिहून शिक्का मारून द्या. जॉबकार्ड आधी.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रारदार राहतो तिथे दावा लावता येतो, त्यासाठी मला तुमच्या हेड ऑफिसच्या गावी यावं लागत नाही.

आपला ग्राहक,
(सही)
अनगोळ, बेळगाव